स्वमग्न माणूस आणि त्याची नोकरी

नोकरी हा पांढरपेशा घरांतील मोठ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ती मिळेपर्यंत सारें घर देव पाण्यांत घालून बसतें, आणि एकदां मिळाली म्हणजे मुलाच्या जन्माचें कल्याण झालें असें मानून निर्धास्त होतें. पगार वेळेवर होतो ना, जागा कायम आहे ना, पुढें बढतीची आशा आहे ना, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मनाजोगीं आलीं कीं चौथा प्रश्न विचारण्याची कोणास गरज भासत नाहीं. तो चौथा प्रश्न असा: त्या खुर्चीवर बसून हा मनुष्य दिवसभर नेमकें करतो काय, आणि जें करतो त्याचा त्याच्या मनावर काय परिणाम होतो?

पुष्कळांच्या बाबतींत हा प्रश्न विचारला नाहीं तरी चालून जातें. काम रुक्ष असलें तरी मनुष्य चहाच्या वेळीं चार गप्पा मारतो, आदल्या दिवशींच्या क्रिकेटच्या सामन्यावर वाद घालतो, आणि सायंकाळीं कचेरीची आठवण मेजाच्या खणांत बंद करून घरची वाट धरतो. परंतु हा खण बंद करणें ज्यांना साधत नाहीं असाही एक वर्ग समाजांत आहे. स्वमग्न माणसें हीं त्यांपैकींच. निरर्थक वाटणाऱ्या कामाचा त्यांना नुसता कंटाळा येऊन भागत नाहीं. त्या कामानें त्यांना खरोखरीची व्यथा होते. ती व्यथा त्यांना स्वतःला आणि घरच्यांना वेळेवर ओळखतां न आल्यामुळें पुष्कळदां चांगली नोकरी आणि चांगला मनुष्य या दोहोंची एकदमच हानि होते. ती कां होते आणि तिला आळा कसा घालावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

स्वमग्नतेची शास्त्रीय ओळख तशी अलीकडचीच. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत लिओ कॅनर नांवाचे बालमानसवैद्य होते. त्यांनीं १९४३ सालीं ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. माणसांपेक्षां वस्तूंत अधिक रमणें, रोजचा क्रम यत्किंचितही बदलला तर व्याकुळ होणें, बोलण्याची कांहीं निराळीच तऱ्हा असणें, आणि कांहीं मुलांत थक्क करणारी स्मरणशक्ति असणें, हीं लक्षणें त्यांना आढळलीं. ब्लॉयलर या स्विस मानसवैद्यानें पूर्वीं निराळ्या संदर्भांत योजलेला ‘ऑटिझम’ हा शब्द या स्थितीस लागूं झाला. ग्रीक भाषेंत ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यावरून मराठींत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. ही स्थिति जन्मजात असते. मेंदूची घडणच थोड्या निराळ्या धर्तीवर होते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. आईबापांच्या कोरडेपणामुळें मूल असें होतें, ही एके काळची समजूत पूर्णपणें खोटी ठरली आहे. या घडणीच्या माणसांत परस्परांत अंतरही फार असतें. कांहींना जन्मभर बोलतां येत नाहीं व सतत आधार लागतो. कांहीं पदव्या मिळवितात, नोकरीस लागतात, संसार करतात, आणि आपण स्वमग्न आहों हें त्यांना तिशी-चाळिशींत कळतें. स्त्रियांच्या बाबतींत तर हें निदान पुष्कळदां विशेषच उशिरां होतें, कारण चारचौघींसारखें दिसण्याची कला त्यांनीं लहानपणापासून अंगीं बाणविलेली असते. आजचा विषय या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे कचेऱ्यांतून, बँकांतून, कारखान्यांतून राबणाऱ्या माणसांचा आहे.

‘स्वमग्न’ हा शब्द रूढ आहे म्हणून वापरावयाचा. पण तो थोडा फसवा आहे. तो ऐकून असें वाटतें कीं हा मनुष्य स्वतःच्याच विचारांत गढलेला आणि इतरांची पर्वा न करणारा असावा. वस्तुतः तो मग्न असतो एखाद्या विषयांत. आगगाड्यांचीं वेळापत्रकें असोत, कीटकांच्या जाती असोत, लिपींचा इतिहास असो कीं संगणकाची आज्ञावली असो, तो विषय हातीं आला कीं त्याला तहानभुकेची शुद्ध राहत नाहीं. ‘विषयमग्न’ म्हटलें तर तें अधिक खरें होईल. मरे, लेसर व लॉसन या तिघांनीं २००५ सालीं याच मुद्द्यावर आपली उपपत्ति मांडली. तिचा आशय एका घरगुती दृष्टान्तानें सांगतां येईल. सामान्य माणसाचें अवधान समईच्या उजेडासारखें असतें. तें खोलीभर पसरतें आणि सगळेंच थोडें थोडें दिसतें. स्वमग्नाचें अवधान विजेरीच्या झोतासारखें असतें. जेथें पडेल तेथें लख्ख उजेड, आणि भोंवतीं अंधार. हा झोत एका जागेवरून काढून दुसरीकडे नेणें त्याला श्रमाचें असतें. आणि जेथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं अशा कोऱ्या भिंतीवर तो तासन्‌तास रोखून धरणें हें त्याहूनही श्रमाचें असतें.

आतां ही विजेरी घेऊन कचेरींत शिरणाऱ्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. आंकडे तपासण्याची आवड म्हणून त्यानें विमा कंपनींत जागा धरली आहे. नेमणूकपत्रांत ‘माहितीचें विश्लेषण’ असे भारदस्त शब्द होते, आणि अगदीं शेवटीं एक लहानसें वाक्य होतें: वरिष्ठ सांगतील तीं इतर कामें. सहा महिन्यांत तें शेवटचें वाक्यच नोकरी होऊन बसतें. दिवसभर फोन घ्यावयाचे, कोणी न वाचणारे तक्ते भरावयाचे, एकाच माहितीची तीन ठिकाणीं नोंद करावयाची, दर आठवड्याच्या बैठकींत बसून माना डोलवावयाच्या. ‘नोकरी म्हटली कीं हें आलेंच’ असें म्हणून इतर लोक मोकळे होतात. त्याला तसें म्हणतां येत नाहीं. कामाचें प्रयोजन कळल्यावांचून त्याचें मन त्यांत शिरत नाहीं; आणि या कामास प्रयोजनच नाहीं असें एकदां दिसलें, म्हणजे तें करीत राहणें त्याला खोटें बोलण्यासारखें वाटूं लागतें.

अशा वेळीं घरचीं माणसें आणि मित्र सुचवितात कीं बढती मिळाली, मोठें पद आलें, म्हणजे सारें ठीक होईल. ही समजूत किती अपुरी आहे हें कॅनर यांच्या त्या ११ मुलांपैकीं पहिल्याच मुलाच्या चरित्रावरून दिसून येतें. डोनाल्ड ट्रिप्लेट हें त्याचें नांव. मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवीं १९३३ सालीं त्याचा जन्म झाला. १९५८ सालीं पदवीधर झाल्यावर त्यांनीं गांवच्याच बँकेंत खिडकीवरील रोखपालाची नोकरी धरली. कॅनर यांनीं १९७१ सालीं त्या ११ मुलांचें पुढें काय झालें याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. डोनाल्ड आपल्या जागेवर संतुष्ट आहेत, त्यांना बढतीची फारशी इच्छा नाहीं, आणि गिऱ्हाइकांशीं त्यांचें चांगलें जमतें, असें त्यांच्या घरून कळविलेलें त्यांत नमूद आहे. पुढें ते गोल्फ खेळत, दूरदूरचे प्रवास करीत दीर्घ काळ जगले, आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं निवर्तले. दुसरा एक मुलगा प्रौढपणीं एका कचेरींत नकला काढण्याचीं यंत्रें चालवीत होता, आणि त्याचा वरिष्ठ त्याच्या कामावर बेहद्द खूष होता. ज्यांचें आयुष्य मोठ्या सरकारी संस्थांच्या भिंतींआड गेलें त्यांची मात्र वाढ खुंटली असें कॅनर यांना आढळलें.

रोखपालाचें काम वा नकला काढण्याचें काम यांस जग मोठें म्हणत नाहीं. पण त्या कामाची आंखणी स्पष्ट होती; आरंभ कोठें, शेवट कोठें, बरोबर काय, चूक काय, हें उघड होतें; आणि भोंवतालचीं माणसें ओळखीचीं होतीं. डोनाल्ड यांच्या आजोळच्या घराण्याचा त्या बँकेशीं संबंध होता, आणि सारा गांव त्यांना सांभाळून घेत असे, हेंही विसरतां कामा नये. तेव्हां प्रश्न कामाच्या उच्चनीचतेचा नसून माणसाच्या घडणीशीं कामाची घडण जुळते कीं नाहीं याचा आहे. हाच न्याय उलट्या बाजूनेंही लागूं पडतो. बढती मिळून जो अधिकारी झाला त्याच्या वांट्यास बैठका, मध्यस्थी आणि माणसांचीं मनधरणी येते; विषय हातचा जातो. पुष्कळ स्वमग्न माणसांची खरी व्यथा बढतीच्या दिवसापासूनच सुरू होते.

कामाची घडण जुळत नाहीं असें म्हटलें तरी नेमकें काय जुळत नाहीं, हें शोधणें हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे. ‘हें काम मला सोसत नाहीं’ हें वाक्य एकच असलें, तरी त्याच्या पोटीं पांच निरनिराळीं दुःखें असूं शकतात. पहिलें दुःख पोकळपणाचें. काम कशासाठीं तें कळत नाहीं. दुसरें खंडाचें, झोत स्थिर होतो न होतो तोंच कोणी हांक मारतो. तिसरें संदिग्धतेचें, ‘जरा बघून घ्या’, ‘लौकर करा’ अशा आज्ञा येतात, आणि लौकर म्हणजे आज कीं शुक्रवारीं हें कोणी सांगत नाहीं. चौथें दुःख इंद्रियांचें. नळीदिव्याची लुकलुक, वातानुकूलन यंत्राची घरघर, शेजारच्या माणसाच्या अत्तराचा दर्प, एकाच दालनांत चाळीस जणांचें बोलणें, या गोष्टी इतरांच्या जाणिवेंतून गळून पडतात. त्याच्या जाणिवेंतून त्या गळत नाहींत. मुंबईच्या लोकलमधून तो कचेरींत पोंचतो तेव्हांच त्याची निम्मी शक्ति खर्ची पडलेली असते. पांचवें दुःख सोंगाचें आहे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणें, योग्य क्षणीं हंसणें, हातांची चाळवाचाळव दाबून धरणें, हें इतरांना सहज येणारें वागणें त्याला पाठ करून वठवावें लागतें. नटाला निदान दोन प्रवेशांच्या मध्यें विसांवा असतो. याला सकाळपासून सायंकाळपर्यंत तो नसतो.

हीं पांचही दुःखें एकवटून आलीं म्हणजे त्यांचा दोष कोणत्या तरी एकाच गोष्टीवर ढकलला जातो. कोणी म्हणतो, ही नोकरीच वाईट. कोणी म्हणतो, मीच नालायक. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात.

त्यांत आणखी एक अडचण आहे. आपल्याला दुःख होत आहे हें पुष्कळ स्वमग्न माणसांना वेळेवर कळतच नाहीं. भावना मनांत उठते, पण तिला नांव सांपडत नाहीं. अशी स्थिति सर्वसाधारण लोकांत शेंकडा ५ च्या आसपास, तर स्वमग्न व्यक्तींत जवळजवळ निम्म्या जणांत आढळते, असें २०१९ सालीं झालेल्या एका एकत्रित परीक्षणांत दिसून आलें. मग मनाचें काम शरीर करूं लागतें. रविवारीं सायंकाळीं पोटांत कळा येतात, सकाळीं कपडे करतांना डोकें धरतें, झोंप उडते, आवडीची भाजीही घशाखालीं उतरत नाहीं. कचेरींत दिवसभर शांत असलेला मनुष्य घरीं येतांच क्षुल्लक कारणावरून संतापतो, किंवा रडूं लागतो, किंवा त्याची वाचाच बंद होते. घरच्यांना वाटतें, बाहेर गोड आणि घरांत तापट. खरें म्हणजे बाहेर जें दाबून धरलें तेंच घराच्या भरवशावर सुटलेलें असतें.

हें असेंच महिनोन्‌महिने चाललें तर पुढची पायरी अधिक बिकट आहे. अमेरिकेंत २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत स्वमग्न माणसांच्या या शक्तिपाताचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत: न ओसरणारा थकवा, पूर्वीं येत असलेलीं कामें न जमणें, आणि आवाज, प्रकाश इत्यादि सहन करण्याची शक्ति कमी होणें. काल जो हिशेब चुटकीसरशीं होत असे तो आज होत नाहीं. स्वयंपाक, स्नान, साधें बोलणें हींही जड होतात. याला आळस म्हणणें म्हणजे कोरड्या विहिरीला चुकार म्हणण्यासारखें आहे. आणि हीच वेळ अशी असते कीं, ‘लोकांना नोकऱ्या मिळत नाहींत आणि तुझी ही मिजास’ हें वाक्य घरांत उच्चारलें जातें. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज समाजशास्त्रज्ञानें २०१२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, स्वमग्न माणसाला इतरांचें मन कळत नाहीं ही अर्धीच गोष्ट झाली. इतरांनाही त्याचें मन कळत नाहीं, आणि गैरसमज दोन्ही बाजूंनीं होतो. नोकरीच्या प्रश्नांत तर याचा प्रत्यय घरोघर येईल.

मग उपाय काय? पहिला उपाय अगदीं साधा आहे, आणि तो या माणसांच्या स्वभावास मानवणारा आहे. दोन आठवडे एक नोंदवही ठेवावी. दिवसांत जें जें काम केलें तें लिहावें. त्यापुढें किती वेळ गेला, वर सांगितलेल्या पांच दुःखांपैकीं कोणतें झालें, आणि त्या वेळीं शरीर काय सांगत होतें, एवढेंच नोंदवावें. ‘दुःख झालें’ असें लिहितां आलें नाहीं तरी ‘जबडा आवळलेला होता’ असें लिहितां येतें. दोन आठवड्यांनीं ती वही उघडली म्हणजे धुकें विरतें. आपल्या त्या विमा कंपनींतील तरुणाला कदाचित्‌ असें आढळेल कीं, फोन घेण्याचें काम त्याला पोकळ वाटत होतें खरें, पण तेथें बोचत होता तो खंड; तक्ते मात्र खरोखरच पोकळ आहेत; आणि बैठकींत सोंगाचा शीण आहे. प्रत्येक दुःखाची मात्रा निराळी.

पोकळपणावर पहिली मात्रा म्हणजे कामाचें दुसरें टोंक पाहणें. हा तक्ता कोठें जातो, कोण वाचतो, त्यावरून काय ठरतें, हें एकदां सरळ विचारावें. आपण तपासलेल्या कागदामुळें कोणा विधवेचा दावा महिनाभर आधीं मंजूर होतो हें दिसलें, तर तेंच काम सोसवतें. आणि तो तक्ता कोणीच वाचत नाहीं असें निघालें, तर तो बंद करण्याची सूचना करणें ही कचेरीचीच सेवा होय. जीं नीरस कामें टाळतांच येत नाहींत तीं दिवसभर विखुरलेलीं ठेवूं नयेत. एका ठराविक तासांत तीं संपवून टाकावीं. उलटपक्षीं, आवडीच्या विषयाशीं लागून असलेलें एखादें काम, सूचि करणें, जुन्या नोंदींतील चुका शोधणें, कार्यपद्धति लिहून काढणें, आपण होऊन मागून घ्यावें. आठवड्यांतून चार तास जरी झोत योग्य जागीं पडला, तरी उरलेले तास सुसह्य होतात. खंडावर मात्रा म्हणजे रोजचे दोन निर्वेध तास. संदिग्धतेवर मात्रा म्हणजे लेखी सूचना: काय करावयाचें, केव्हांपर्यंत, आणि दोन कामें एकदम आलीं तर आधीं कोणतें. इंद्रियांसाठीं कोपऱ्यांतील जागा, कानांत घालावयाचे बोळे, सौम्य दिवा. सोंगासाठीं दुपारचा डबा एकट्यानें खाण्याची मोकळीक. आणि ती घेतांना अपराधी वाटून घेऊं नये.

मागण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘मला सहन होत नाहीं’ असें म्हटलें तर साहेबांना काय करावें तें समजत नाहीं आणि ते उपदेश करूं लागतात. ‘दहा ते बारा या वेळांत फोन दुसऱ्याकडे द्यावे, म्हणजे तपासणीचें काम रोजच्या रोज पुरें होईल’ असें म्हटलें तर निर्णय करणें सोपें जातें. अशा बहुतेक गोष्टी मागण्यास आजाराचें वा निदानाचें नांव काढावें लागत नाहीं. निदान सांगावें कीं नाहीं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कांहीं ठिकाणीं तें सांगितल्यानें मार्ग मोकळा होतो, कांहीं ठिकाणीं पाठीमागें कुजबूज सुरू होते. मात्र कायद्याची बाजू ठाऊक असावी. भारतांत २०१६ सालीं झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी आस्थापनांनीं अशा कर्मचाऱ्यास योग्य त्या सोयी करून द्याव्या असें तो सांगतो, आणि समान संधीचें धोरण जाहीर करण्याचें बंधन तो खासगी आस्थापनांवरही घालतो. सरकारी जागांत दिव्यांगांसाठीं किमान शेंकडा ४ जागा राखीव आहेत. त्यांपैकीं शेंकडा १ जागा स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठीं मिळून आहे.

दुसरा उपाय भावनेचा लोंढा प्रत्यक्ष येतो त्या वेळेचा. तेव्हां वाद, उपदेश, प्रश्न हें सर्व थांबवावें. मंद उजेड, शांतता आणि थोडे शब्द एवढेंच द्यावें. कोणी अंग डोलवितो, कोणी बोटें फिरवितो. तें त्याचें स्वतःला सांवरणेंच असतें, त्यास अडवूं नये. त्या रात्रीं कोणताही निर्णय करूं नये. राजीनामा लिहावयाचाच असेल तर तो चार दिवसांनीं, पोट भरलेलें असतां आणि झोंप झालेली असतां लिहावा.

तिसरा उपाय घराच्या हातांत आहे. कचेरींतून आल्यावर पहिला तास त्याला कोणी बोलतें करूं नये. आणि त्याच्या आवडीच्या विषयाचा वेळ ही चैन समजूं नये. कामाचा ताण वाढला कीं घरचे लोक आधीं त्याच्या छंदावर घाला घालतात. तिकिटांचा संग्रह, नकाशे, यंत्रांचे सुटे भाग ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणून उचलून ठेवतात. ज्याची विजेरी दिवसभर कोऱ्या भिंतीवर होती, तिला पुन्हां प्रकाश भरण्याची तीच एक जागा असते.

चौथा उपाय समानशीलांच्या सहवासाचा. २०२० सालीं प्रसिद्ध झालेला एका ब्रिटिश प्रयोगाचा निष्कर्ष येथें उद्बोधक आहे. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून, मुलांच्या कानगोष्टींच्या खेळाप्रमाणें एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. केवळ स्वमग्नांच्या साखळींत ती जितकी टिकली तितकीच इतरांच्या साखळींत टिकली. मिश्र साखळींत मात्र ती अधिक गळत गेली. आपली भाषा जाणणारीं माणसें भेटलीं म्हणजे सोंगाचें ओझें उतरतें, आणि दुसऱ्यानें हाच प्रश्न कसा सोडविला तेंही कळतें.

पांचवा उपाय वैद्याचा. स्वमग्न माणसांत चिंता आणि खिन्नता यांचे विकार इतरांहून अधिक आढळतात, आणि त्यांवर उपचार आहेत. नोकरीमुळें आलेली उदासी नोकरी बदलल्यावर आपोआप जाईल अशी वाट पाहत बसूं नये. जीव नकोसा झाल्याचे विचार कोणी बोलून दाखविले, तर तोंडावर दुःख दिसत नाहीं म्हणून ते हलके लेखूं नयेत. या माणसांच्या चेहऱ्यावर मनांतलें उमटेलच असें नाहीं. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ सालापासून यासाठीं उपलब्ध आहे.

एवढें करूनही जेथें कांहींच बदलत नाहीं तेथें ती जागा सोडण्यांत कमीपणा नाहीं. पण सोडण्यापूर्वीं नोंदवही पुन्हां वाचावी, म्हणजे तींच दुःखें नव्या पत्त्यावर भेटावयास येणार नाहींत. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न विदुषीचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १९४७ चा. त्या अमेरिकेंत कोलोरॅडो येथील विद्यापीठांत पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या, आणि गुरांना न भेडसावतां हांकण्यासाठीं त्यांनीं आंखलेल्या वळणदार वाटा सर्वत्र गाजल्या. मुलाखतींत स्वतःची छाप पडत नसेल तर आपण केलेलें कामच पुढें ठेवावें, असा त्यांचा सल्ला असतो. त्या स्वतः आपल्या आराखड्यांचा संच बरोबर नेत. डेन्मार्कमध्यें थॉर्किल सोने या गृहस्थांनीं आपल्या मुलाची स्वमग्नता पाहून २००४ सालीं एक कंपनीच काढली, आणि संगणकाच्या आज्ञावलींतील दोष शोधण्याचें काम अशा माणसांना दिलें. एसएपी या जर्मन कंपनीनें २०१३ सालीं तोच मार्ग धरला. मात्र यावरून प्रत्येक स्वमग्न मुलास संगणकापुढें बसविण्याची घाई करूं नये. कोणाचा विषय झाडें असेल, कोणाचा शिलाई, कोणाचा ग्रंथालयांतील कपाटें. विषय त्याचा असावा, एवढीच अट.

नोकरी मिळाल्याचे पेढे वांटून झाल्यावर घरानें थोड्या दिवसांनीं तो चौथा प्रश्न शांतपणें विचारावा: दिवसभर काय करतोस, आणि त्यांतलें काय सोसत नाहीं? उत्तर लगेच येणार नाहीं. कदाचित्‌ तें तोंडानें न येतां कागदावर येईल, आणि तेंही आठवड्यानें. तोंवर थांबावें, आणि आल्यावर तें खरें मानावें. पुष्कळ घरांत एवढें झालें असतें, तर पुष्कळ राजीनामे लिहिले गेले नसते; आणि जे लिहावयासच हवे होते ते वेळेवर लिहिले गेले असते.